सुनेच्या हातावर सासऱ्याची पोटतपासणी

"पाच मिनिटांत हे थोतांड उघडं पाडतो!" पद्माकरांनी जाहीर केलं. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस!

तीन महिन्यांसाठी ते परदेशी, केलीव्हिलला मुलाकडे, नंदूकडे आले आणि विमानं बंद झाल्याने दीड वर्ष अडकले. लॉकडाउनमध्ये सुख एकच, जेवणानंतरचा गुळातला दाण्याचा लाडू. तोच आज धोक्यात होता!

चूक त्यांचीच. जेवल्यावर हल्ली फार झापड येते, असं ते सुनेला बोलून गेले. लीनाने लगेच झूमवर मैत्रिणीला गाठलं. ही यामिनी म्हणे स्नायूंना प्रश्न विचारून रोग ओळखायची.

"काका, तुमचे स्नायू थकलेत. तुमच्या वतीने लीनाचा हात तपासू," ती स्क्रीनवरून म्हणाली.

लीनाने एक हात सासऱ्यांच्या खांद्यावर ठेवला, दुसरा आडवा धरला. पद्माकरांच्या हाती पीनट बटरची बरणी दिली. नंदूने बायकोचा हात दाबला. भिजलेल्या पापडासारखा तो लुळा पडला!

"दाणे म्हणजे काकांना विष!"

मग आंबा बर्फी. हात खांबासारखा ताठ!

"बर्फी खुशाल खा, काका!"

"नंदू!" पद्माकर कडाडले. "पोट माझं, हात तुझ्या बायकोचा, आणि डॉक्टर तिकडे दूरच्या उपनगरात, क्वेकर्स हिलला? मैथिली, उघड ती बरणी!"

दहा वर्षांच्या नातीने हुंगून पाहिलं. "आजोबा, धिस इज मेतकूट!"

मराठी घरात बरणीवरचं लेबल कोण वाचतं!

"अय्या! मग मेतकूटही बंद," यामिनी शांतपणे म्हणाली.

आता मात्र पद्माकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नातीकडे वळताच आवाज आपोआप मऊ झाला. "हे बघ बाळ, उत्तर आधीच ठाऊक असलं की हात तसाच पडतो. म्हणून आत काय आहे, ते कुणालाच कळता कामा नये. आइस्क्रीमचे चार डबे घे. एकात लाडू ठेव, बाकीच्यांत काहीही. झाकणं घट्ट लाव."

तिसऱ्या डब्याला लीनाचा हात धाडकन पडला.

"लाडू!" यामिनी ओरडली.

मैथिलीने चारही झाकणं काढली. चारही डबे रिकामे!

"तुम्ही म्हणालात, कुणालाच कळायला नको. मग मलाही नको ना? सो आय पुट नथिंग!"

"शाब्बास!" पद्माकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, डब्यात जुन्या लहरी राहतात..."

"यामिनी, त्यात आधी कारल्याची भाजी होती गं," लीना म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

पद्माकरांनी विजयी हात लाडवाच्या डब्याकडे नेला.

"पण आजोबा, मग झोप का येते? खरं कसं कळणार?"

विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांनी जन्मात टाळला नव्हता. "रक्त तपासून," ते म्हणाले आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता. नंदूने डॉक्टरांना फोन लावलाही!

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. साखर भलतीच वाढलेली! "दाणे? जरूर खा. मेतकूटही. गूळ आणि बर्फी मात्र बंद."

आता रोज जेवणानंतर मैथिली आजोबांच्या तळहातावर मूठभर भाजके दाणे ठेवते. "सी आजोबा? सायन्स वर्क्स!"

पद्माकर फणफणत चावत बसतात. चौतीस वर्षांत इतकी हुशार विद्यार्थिनी मिळाली नाही, आणि मिळाली ती नेमकी घरातच!