सेतुराव अण्णांचे आठशे ओहम

सेतुराव अण्णा कुणाच्याही घरी गेले की पाय धुण्याआधी बल्बकडे बघत आणि विचारत, "अँपियर किती?" माझ्या बहिणीच्या लग्नात पानं वाढलेली असताना या गृहस्थांनी पंगतीवरचा एकुलता बल्ब काढला आणि तारांना आपले मीटर जोडले. वऱ्हाड अंधारात, सांबार थंडगार. पुन्हा उजेड पडला तेव्हा अण्णा बोटांवर हिशेब करत होते. "दोनशें व्होल्ट, पाव अँपियर. भागिलें तर आठशें ओहम, गुणिलें तर पन्नास वॅट. बल्ब खरा आहे. जेवा आतां." त्या सांबाराचा मला अजून राग येतो.

कुंभकोणमला आमच्या मेलकावेरी भागात वीज येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. अण्णांचा सगळा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेला. निवृत्त होताना त्यांना दोन जुने मीटर भेट मिळाले, ते तिरुभुवनमच्या रेशमी पिशवीत घालून ते गावभर हिंडत. "ओहम ठाऊक नाही त्याणें दिवा लावूं नये," हे त्यांचं पालुपद. वीज कंपनीचा गोरा साहेब तपासणीला आला, तर त्यालाही यांनी ओट्यावर बसवून भागाकार करायला लावला.

आणि यांच्या स्वतःच्या घरी? एकच बल्ब, तोही विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे विठ्ठलाचं भजन असे. ते त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीअक्कानं सुरू केलेलं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या उजेडात वहीतलं अक्षर लागेना. शेवटी मंडळींनी ठरवलं, बल्ब बदला, नाहीतर भजन आमच्या घरी. मी नवा बल्ब घेऊन तावातावानं गेलो.

बघतो तर बटणामागे तारेचं भलंमोठं वेटोळं.

"हे काय, अण्णा?"

"आणखी तीनशें ओहम. मीच घातले."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे मुद्दाम उजेड अडवलात? आमच्या पंगती उठवल्यात, आणि इथे म्हाताऱ्या माणसांचे डोळे फोडताय?"

"पूर्ण व्होल्ट दिले तर आंतली तार लौकर तुटेल."

"तुटू दे की. हा घ्या नवा."

अण्णांनी स्टूल ओढून मला वर चढायला सांगितलं. बल्बच्या काचेवर एक काळा ठिपका होता.

"कुंकूं आहे तें, तापून काळें पडलेलें," अण्णा खालून म्हणाले. "वीज आली त्या दिवशीं तिणें लाविलें. मी ओरडलों तिज, कांचेस कोणी कुंकूं लावतें काय म्हणून."

मग बराच वेळ ते पिशवीची नाडी बांधत राहिले.

"हिशेब केला मी. ऐसा जळाला तर मी आहें तोंवर मज पुरेल."

नवा बल्ब खिशात घालून मी खाली उतरलो. इतका वेळ अण्णांवर होता तो सगळा राग आता माझा मलाच आला.

शनिवारी मंडळी अण्णांकडेच जमली. वह्या कुणी उघडल्या नाहीत, येईल तसं पाठ म्हटलं. चुकलं की अण्णा डाफरत होतेच. मी मात्र त्या दिवशी आत शिरताना वर बघून विचारलं होतं, "अँपियर किती, अण्णा?"

"पावाहून कमी," ते म्हणाले. "पण आहे."