पुस्तकातली सासूबाई

कन्हेरीच्या विमलनं बारामतीच्या वाचनालयातून एका फ्रेंच रहस्यकथेचा मराठी अनुवाद आणला आणि दुपारी ओसरीवर बायकांना वाचून दाखवायला घेतला. पुस्तक मोठं अचाट होतं. रात्री नदीवर एक भुताची बाई धुणं धुते, येणाऱ्याजाणाऱ्याला चादर पिळायला हाक मारते, आणि जो दुसरं टोक धरतो तो सकाळी मेलेला सापडतो. तपासाला आलेला फौजदार प्रेताशेजारी बसून निवांत उकडलेलं अंडं सोलतो. टीव्हीवरची मालिका सोडून बायका यायला लागल्या. असलं डोकं चालवणाऱ्या लेखकाचे पाय धरावेत, असं विमलला वाटे.

अडचण एकच, ती फ्रेंच नावं कुणाच्या जिभेवर बसेनात. मग विमलनं ओळखीची नावं घातली. पुस्तकातल्या मेयरचा सरपंच केला, डॉक्टर तेवढा डॉक्टरच राहिला. पहिला मुडदा पिठाच्या गिरणीवाल्या जयवंताचा पाडला. आणि मेलेल्यांच्या घरी जाऊन सगळ्यांचे डोळे पुसणारी एक मायाळू म्हातारी होती, तिला आपल्या सासूचं, धोंडाबाईंचं नाव दिलं.

ते नाव फळलं. लग्न झाल्यापासून सुनेविषयी एक गोड शब्द न काढणाऱ्या धोंडाबाई शेजारच्या साखरबाईला म्हणाल्या, "आमच्या विमलला माणसाची पारख हाय." विमल इतकी हरखली की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई त्यावरही काही बोलल्या नाहीत.

जयवंता मात्र कावला. दळणाला येणाऱ्या बाया त्याच्याकडं बघून हळहळायच्या.

"वैनी, मला जिता करा," तो येऊन म्हणाला.

"लिहिणाऱ्यानं मारलाय, मी कशी जिता करू?"

"मग कुणी मारलं तेवढं तरी सांगा."

"मलाबी अजून ठावं न्हाय."

जयवंता तिथंच ऐकायला बसला आणि मग रोज येऊ लागला.

शेवटच्या प्रकरणाला ओसरी भरली. वाचता वाचता विमलची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि ती थांबली. नदीवर भूतबीत काही नव्हतं. सगळे खून त्या मायाळू म्हातारीनं केले होते.

"का गं थांबलीस?" सासूबाईंनी विचारलं.

विमलनं घाईनं पान उलटलं. "खुनी... सरपंच निघाला."

"आन् कसा?" साखरबाई म्हणाली. "त्याचा हात मोडलेला. चादर काय दातानं पिळली?"

"मग डॉक्टर."

"त्यो तवा गावातच नव्हता," जयवंता म्हणाला. "वैनी, हितं माझा जीव गेलाय. नीट वाचा."

त्यानं पुस्तक ओढून घेतलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि हळूच धोंडाबाईंकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. झालं, मिळवलेलं सगळं मातीत गेलं, विमलच्या मनात आलं.

"आत्याबाई, शपथ घेते, मला ठावं न्हवतं."

"म्हंजे मीच मारलं," धोंडाबाई सावकाश म्हणाल्या, "अन् वर त्यांच्याच घरी जाऊन रडले?"

"व्हय."

"अन् कुणाला संशव न्हाय आला?"

"शेवटपातूर न्हाय."

धोंडाबाई ताठ बसल्या. तोंडावर असं तेज चढलं की साखरबाई जरा मागं सरकली.

"उद्या पहिल्या पानापास्नं वाच, विमल," त्या म्हणाल्या. "एवढा वेळ मी नुसतीच ऐकत हुते. आता समजून उमजून मारते. जयवंता, येळंवर ये, सुरुवात तुझ्यापास्नं हाय."