सुचिताच्या परदेशगमनानिमित्त हार्दिक अभिनंदन

कोंढेपाखाडीच्या नाक्यावर सुचिता बाळाजी चोगले हिच्या परदेशगमनाचा बॅनर चढत होता, तेव्हा खुद्द सुचिता त्याच्या खालीच उभी राहून कोथिंबिरीची जुडी निवडत होती. 'उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा मजकूर होता. मागे विमान होतं, आयफेल टॉवर होता, आणि शुभेच्छुकांच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या गर्दीत एका कोपऱ्यात दहावीच्या ओळखपत्रावरची सुचिता होती. तिला जायचं होतं हॉलंडला. पण बॅनरवाल्याकडे परदेश तेवढा एकच होता.

वस्तुस्थिती अशी की, आदल्या दिवशी जेवताना तिने वडिलांना नुसतं विचारलं होतं. त्यांच्या वाडीतल्या सुपारीच्या पुढच्या ओळी समुद्राने खाल्ल्या होत्या आणि उरलेल्यांवर त्याचा डोळा होता. किनारा कसा राखायचा हे शास्त्र हॉलंडात शिकवतात, तर अर्ज करू का, एवढाच प्रश्न. बाळाजींना इतका आनंद झाला की सकाळी सलूनमध्ये दाढी करताना तोंडाला साबण असतानाच ते बोलून गेले. शेजारच्या खुर्चीत अल्पेशभाऊ होते. अल्पेशभाऊ हे भावी जिल्हा परिषद सदस्य. मागच्या तीन निवडणुकांपासून ते भावीच होते. दुसऱ्या पार्टीने आधी अभिनंदन केलं तर काय, या काळजीने ते अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. अजून अर्जसुद्धा केलेला न्हाय, असं बाळाजी मागून सांगत होते. भाऊंनी त्यांना समजावलं, की अर्ज काय, होत राहील. बॅनर वेळेवर लागला पाहिजे.

बॅनर लागला म्हणजे सत्कार आलाच. शाल झाली, श्रीफळ झालं, तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी मुलींच्या शिक्षणावर बोलता बोलता स्वतःचं सगळं आयुष्य सांगून घेतलं. सुचिताने माईक हातात घेऊन "माझा अजून पासपोर्टच..." एवढं म्हटलं, तोच भाऊंनी माईक काढून घेतला आणि विनय असावा तर असा, म्हणून टाळ्या घेतल्या. सजवलेली जीप तयार होती, बेंजो पार्टीला विसार दिलेला होता. मग ती नुसती परत कशी जाणार? वाजतगाजत तिला स्टँडवर नेलं, शेजारच्या वेणूबाईंनी ओवाळलं, आणि गावाने तिला मुंबईच्या एस.टी.त बसवून दिलं. सुचिता वाटेत म्हसळ्याला उतरली, वडापाव खाल्ला आणि दिवेलागणीला वाडीच्या मागच्या बाजूने घरी आली.

आई, सगुणा, तिला बघून फक्त ताट वाढायला उठली. बाळाजींनी मात्र खिडक्या लावून घेतल्या. गावाने एवढ्या थाटात घालवलेली पोर संध्याकाळी चुलीपाशी दिसली तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कागदपत्रं होईपर्यंत परदेशातच ऱ्हा, असं त्यांनी तिला बजावलं. तेव्हापासून सुचिता माजघरात परदेशी राहू लागली. एकदा कपडे वाळत घालताना ती वेणूबाईंना दिसली. बॅनर काही खोटं बोलणार नाही, तेव्हा आपलेच डोळे गेले, असं ठरवून वेणूबाईंनी मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घातलं.

सुचिताने ऑनलाइन पासपोर्टचा अर्ज केला. विद्यापीठाची मुदत जवळ येत होती आणि पासपोर्टशिवाय तिकडचा अर्ज पुढे सरकत नव्हता. चौकशीला हवालदार आले. नियमाप्रमाणे शेजाऱ्यांची साक्ष लागते, म्हणून त्यांनी वेणूबाईंना बोलावलं. वेणूबाईंनी अभिमानाने सांगितलं, "ती हितं न्हाय रावत. परदेशात हाय. मीच ओवाळली की तिला."

"मी इथंच आहे हो," सुचिता पुढे येऊन म्हणाली.

"साक्ष चाललीय, मध्ये बोलू नका," हवालदार म्हणाले. त्यांनी नाक्यावर जाऊन बॅनरचा फोटो काढला, तो प्रकरणाला जोडला आणि बाळाजींकडे वळले. "पोरीकडं पासपोर्ट न्हाय, मग ती परदेशात गेली कशी?"

प्रश्न बिनतोड होता.

सुचिता धावत ग्रामपंचायतीत गेली आणि रहिवासी दाखला मागितला. ग्रामसेवकांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, दाखला दिला नाही. ती परदेशी गेल्याबद्दल ग्रामसभेने एकमताने अभिनंदनाचा ठराव केला होता, आणि एकमताने झालेला ठराव एक मुलगी समोर बसली म्हणून रद्द होत नाही. ती परत आल्याचा पुरावा मिळाला तर विचार करू, असं ते म्हणाले. पासपोर्टवर शिक्का मारतात, तो चालला असता.

त्या दिवशी सुचिता वाडीत जाऊन रडली. भरतीचं पाणी सुपारीच्या मुळाशी आलं होतं, त्याला कुणाचा दाखला लागत नव्हता.

शेवटी तोड काढली ती अल्पेशभाऊंनीच. गेली म्हणून बॅनर लागतो, तर आली म्हणून का लागू नये? नाक्यावर 'मायदेशी सुखरूप परतल्याबद्दल हार्दिक स्वागत' झळकलं. टॉवर तोच होता, विमानाचं तोंड फक्त उलटं केलं होतं. सुचिताला पहाटे म्हसळ्याला पाठवून तिथून वाजतगाजत आणलं. मग सगळं कसं सुतासारखं सरळ झालं. ग्रामसेवकांनी दाखला दिला. हवालदारांनी अनुकूल अहवाल दिला. बिनपासपोर्ट प्रवासाचा गुन्हा घडला असलाच तर तो हॉलंडात, आपल्या हद्दीत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. वेणूबाईंना सुचिता स्पष्ट दिसू लागली आणि त्यांनी शिबिरातलं नाव काढलं. शाळेने सुचिताला 'परदेशातील माझे अनुभव' या विषयावर बोलायला बोलावलं, आणि ती खरं सांगायला लागली तेव्हा घंटा दिली.

पासपोर्ट आला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज गेला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर विद्यापीठाचा होकार आला. सुचिताने मोबाईल बाळाजींपुढे धरला. बाळाजींचा चेहरा पडला.

"आता परत कशाला?" ते म्हणाले.

"परत कुठं, बाबा? मी अजून गेलेच नाही."

"ते तुला ठावं, मला ठावं. गाव काय म्हणल? एकदा जाऊन आली नि पुन्हा चालली, म्हंजी पोर नापास झाली. सत्कार झालेली पोर नापास? न्हाय, न्हाय. मला न्हाय सोसायचं."

एवढी नाटकं केली ती जाण्यासाठी, आणि जाणं आलं तेव्हा घराचीच कडी लागली होती. तेवढ्यात सगुणा आतून कोकमांची पिशवी घेऊन आली आणि पोरीच्या हातात देत नवऱ्याला म्हणाली, "गाव ऱ्हाऊ दे. वाडी बुडंल तवा बॅनर लावतील का आडवा?"

बाळाजींनी खिडकी उघडून वाडीकडे पाहिलं आणि माळ्यावरची पेटी खाली काढली.

सुचिता निघाली तेव्हा बेंजो नव्हता, शाल नव्हती. पहिल्या गाडीला बाळाजी आणि सगुणा दोघंच आले होते. कंडक्टरने तिला ओळखलं आणि न विचारताच म्हसळ्याचं तिकीट फाडलं. तिने ते परत करून मुंबईचं घेतलं.

पोरगी दिसेना, तशी गावात बातमी पसरली, की पळून गेली. लोक एकेक करून बाळाजींचं सांत्वन करून गेले. हिवाळ्यात सुचिताने फोटो पाठवला: राखाडी समुद्र, लांबच लांब बांध आणि त्यावर कानटोपी घातलेली ती. बाळाजींनी तो छाती फुगवून नाक्यावर दाखवला. अल्पेशभाऊंनी तो मोठा करून निरखला आणि दुःखाने मान हलवली. टॉवर नव्हता. फोटो बनावट होता.

गावाला हसू नका. पहिल्या बॅनरचा फोटो फिरत फिरत तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही त्याखाली अंगठा टाकलात, 'अभिनंदन बेटा' लिहिलंत आणि पुढच्या वाढदिवसाकडे वळलात. खरा फोटोही आला होता. तो तुम्ही उघडलाच नाहीत.