नत्थुजीची खांदशेकनी

नत्थुजी अकोल्याले गेला होता मीठ आनाले. मीठ घेऊन गुमान घरी आला असता तं ही गोष्ट सांगाचं कामच पडलं नसतं. पन तो मिठाच्या पोत्यासंगं एक मशक घेऊन आला, अन तिथूनच त्याच्या खांद्याचे हाल सुरू झाले.

मशक म्हंजे बकऱ्याचं अख्खं कातडं शिवून केलेली पान्याची पिशवी. भिस्ती तिले पाठीवर घेते, तिचं तोंड मुठीत दाबून धरते, अन मूठ जराशी सैल केली का पानी फुरफुर उडते. कापसाच्या बजारात धूळ दबाव म्हनून एक भिस्ती तसं पानी शिंपून राहिला होता. नत्थुजी मिठाचं पोतं खाली टाकून पाहातच राहिला. त्याच्या डोक्यात उजेड पडला. (नत्थुजीच्या डोक्यात उजेड पडला का घरातल्या कोनाच्या तरी डोयापुढं अंधारी येते, हे गावाले ठाऊक होतं.)

आता नत्थुजीले मशक काहून पाह्यजे, ते सांगतो. तो काळ कापसाचा. सातासमुद्रापलीकडं गोऱ्या लोकाइत आपसात लढाई जुंपली म्हने, तिकडचा कापूस बंद झाला, अन आपल्या वऱ्हाडातल्या कापसाचं सोनं झालं. मंग काय इचारता. ज्वारी गेली, तूर गेली, जिकडं पाहा तिकडं पऱ्हाटी. लोकाइनं उकिरडे उपसून पऱ्हाटी लावली. नत्थुजीनं तं अंगनात तुळशीच्या बाजूलेच एक झाड लावलं होतं. त्याची बायको तानुबाई सकाळी तुळशीले पानी घाले अन त्या झाडाले मुद्दाम कोरडं ठेवे. (त्याले हात जोडाचे का त्याचा कापूस येचाचा, ते अगुदर सांगा, म्हने.)

अन त्याच साली श्रावनात आभाळ बसलं ते उठेचना. पऱ्हाटीवर मावा आला. पानं उलटून पाहा तं खाली बारीक किड्याइची जत्रा, अन वरून पान गुळावानी चिकट. निंबाचा पाला अन तंबाखूचे देठ उकळून ते पानी शिंपलं का मावा हटते, हे साऱ्याइले ठाऊक होतं. पन शिंपाचं कसं, तं एका हातात गाडगं, एका हातात निंबाची डगाळी. बुडवा अन झटका, बुडवा अन झटका. पऱ्हाटीची एक ओळ, म्हंजे एक तास, शिंपून होत नाही तं गाडगं रिकामं.

म्हनून मशक.

तानुबाईनं ती मशक पाह्यली अन दारातच आडवी झाली. बकऱ्याचं कातडं तुळशीपासून जानार नाही, म्हने. नत्थुजी म्हने, मोट कायची असते, चामड्याचीच ना, तिचं पानी चालते. ती म्हने, मोट विहिरीवर असते, चुलीपाशी येऊन जेवाले बसत नाही. शेवटी मशक गोठ्यात गेली, चांद्या अन लाल्याच्या मधात. हे नत्थुजीचे बैल. दोघाइनंही तिचा वास घेतला अन तोंडं फिरवली.

भिस्त्याकडून जुनीच मशक इकत घेतली होती, तिचा पट्टा सडून गेला होता. नत्थुजीनं चांद्याचं जुनं दावं काढलं अन मशकीले बांधलं. तानुबाई पाहात होती. ती रोज नदीवरून घागरीवर घागर ठेवून पानी आने, तं ओझ्यातलं तिले समजे. तिनं आपलं चांगल्या मनानं सांगितलं, का अर्धीच भरा, दाव्याखाली काही मऊ टाका, कमरेले एक पट्टी बांधा, अन खांदा बदलत जा.

एवढ्यावर नत्थुजीनं गप राहाव का नाही? पन तो म्हनला, "ओझं मले नको शिकवू. बायाइचं ओझं ते काय ओझं. गप्पा मारत जाता, हासत येता."

 तानुबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. (ती सूप खाली ठेवे तवा चांद्या-लाल्याही कान उभे करत.)

"मंग लावा शर्यत," ती म्हनली. "पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाइले उद्याच्या जेवनाचं आवतन देऊन होईस्तोर तुमच्या तोंडातून खांदा दुखते असं निघालं नाही, तं मी पुंजारामसमोर म्हनन का मानसाचं ओझं जड. अन निघालं, तं पोळ्याच्या दिवशी नदीचं पानी तुमी भराचं. डोक्यावर. घागरीनं."

पुंजाराम म्हंजे तानुबाईचा भाऊ. पोळ्याले येनार होता. त्याची जीभ अशी, का नत्थुजी एकदा सासुरवाडीले चिखलात घसरला, तं पुंजाराम पाहुन्याइले अजून ती जागा दाखवाले नेते. तिथं आता चिखल राह्यला नाही, तरी नेते. त्याच्यासमोर डोक्यावर घागर घेऊन नदीहून येनं म्हंजे सासुरवाडीचं गाव कायमचं बंद.  पन नत्थुजीनं मिशीले ताव देला अन लागली शर्यत म्हनला.

पहिल्या दिवशी त्यानं मशक गळ्यापर्यंत भरली. अर्धी भरली तं तानुबाईचं आयकल्यासारखं होते ना. उचलली, अन उचलल्याबरोबर ती पाठीवर अशी बसली जशी रुसलेली सासू. चालला का ती हाले, तो डावीकडं तं ती उजवीकडं. दावं खांद्यात रुतलं. पऱ्हाटी कमरेइतकी, म्हनून वाकून चालाव, तं दावं अजून रुते. पन मावा भिजत होता, हे कबूल केलं पाह्यजे. एका खेपेत किती तरी तास शिंपल्या गेले.

सांजेले घरी आला. तानुबाईनं भाकर वाढता वाढता इचारलं, दुखते का. नत्थुजी म्हने, काय? ती म्हने, खांदा. तो म्हने, कोनाचा?

पन अंग काही लपत नाही. दोन-चार दिवसात नत्थुजी मशक नसली तरी डावीकडं कलून चालाले लागला. गल्लीतून येऊन राहिला का समोरचा मानूस आपोआप बाजूले सरके, याले वळाचं हाय असं समजून. रामराम एकाच हातानं. अन पागोटं? हात खांद्याच्या वर जाईना, तं त्यानं पागोट्याचं एक टोक खुटीले बांधलं, दुसरं डोक्याले लावलं, अन सोता गरगर फिरला. तानुबाई दारात उभी राहून पाहात होती.

"ही कोनती तऱ्हा?"

"अकोल्याले सारे असंच बांधतात," नत्थुजी म्हनला, अन चक्कर आली म्हनून भिंतीले धरून उभा राह्यला.

मंग एका सकाळी त्याची नजर तानुबाईच्या चुंबळीवर गेली. घागरीखाली डोक्यावर ठेवाची ती चुंबळ, रंगीत चिंध्याइची, तिच्या मायनं करून देलेली. नत्थुजीनं इकडंतिकडं पाह्यलं, चुंबळ बंडीत लपवली अन वावरात जाऊन दाव्याखाली ठेवली. अन काय सांगू, त्याले सरग दिसला. दावं रुतेना. मंग त्याले वाटलं, चुंबळीची गोष्ट खरी निघाली तं बाकीचीही पाहू. मशक अर्धी भरली. खेपा वाढल्या, पन हालनं बंद झालं. जुन्या धोतराची रुंद पट्टी दाव्यावर गुंडाळली. एक पट्टी कमरेले बांधली. तासाच्या या टोकाले डावा खांदा, त्या टोकाले उजवा, अन मधात धुऱ्याच्या बांधावर बसून एक चिलीम. काम ढिलं पडाच्या जागी पुढं पळाले लागलं. नत्थुजीले आपल्या अकलेचं लय कौतुक वाटलं. सांगाव असं वाटलं कोनाले तरी. पन सांगाव कोनाले? जिनं सांगितलं तिलेच?

अन इकडं घरी चुंबळ सापडेना. तानुबाईनं घर उलथं केलं. शेजारच्या मानिकबाईनं मांगं एकदा त्या चुंबळीची तारीफ केली होती. झालं. तानुबाई कुंपनापाशी उभी राहून हवेले बोलली का काही लोकाइची नजर चांगली नसते. हवेनं ते मानिकबाईले सांगितलं. मानिकबाईनं इस्तो देनं बंद केलं. रोज सकाळी तानुबाईची चूल मानिकबाईच्या इस्तवावर पेटे, तं आता इस्तो आनाले नत्थुजीले गावाच्या त्या टोकाले, गुरं बसतात त्या आखरावरच्या शेकोटीपर्यंत जाव लागे. सोताच चोरी केली, सोताच खापरात इस्तो धरून फुकत फुकत येई, अन वरून म्हने, या मानिकबाईचं काही खरं नाही बाप्पा.

शेवटचा तास शिंपून झाला तवा पोळा उद्यावर आला होता. पऱ्हाटीचं नवं पान साफ निघालं होतं. पन पहिल्या दिवसाइत दाव्यानं जे खांदे सोलटले होते ते काही भरले नव्हते. घामानं आग आग होई. शर्यतीले आता घडीभरच राह्यलं होतं. आवतन झालं का जिंकला.

पोळ्याच्या आदल्या सांजेले आपल्या इकडं बैलाइची खांदशेकनी असते. सालभर जू वाह्यलेल्या खांद्यावर पळसाच्या पानानं ऊन तूप-हळद लावाची, शेकाचं, अन मंग बैलाच्या कानाशी आवतन द्याचं. तानुबाई चुलीवर तूप-हळद कढवत होती. तो वास अंगनात आला अन नत्थुजीचे दोन्ही खांदे एकदम जागे झाले. त्यानं इचार केला, तानुबाई वाटी गोठ्यात ठेवून पळसाची पानं आनाले जाईल, तेवढ्यात दोन बोटं मारून घेऊ.

गोठ्यात अंधारून आलं होतं. तो बंडी काढून चांद्या अन लाल्याच्या मधात जाऊन बसला. तेवढ्यात तानुबाई आली. वाटी हाती, पानंही हाती.  उद्यासाठी धुऊन ठेवलेली चांद्याची झूल नत्थुजीनं अंगावर ओढली अन चार पायावर वाकून गप झाला.

तानुबाईनं चांद्याचा खांदा शेकला, कानाशी आवतन देलं. मंग हात पुढं आला. झुलीखाली गेला. ऊन ऊन तूप नत्थुजीच्या खांद्यावर बसलं.

आता त्या सुखाचं काय सांगू. नत्थुजीनं दाताखाली झुलीचं टोक धरलं. तानुबाईचा हात हळू हळू फिरत होता अन ती बैलाशी बोलावं तशी बोलत होती.

"लय वाह्यलं बाप्पा यंदा. सकाळी उठतानी दात चावून उठते, मले काय दिसत नाही? चुंबळ नेली, न्याव ना. मागितली असती तं दुसरी करून देली असती. म्या मानिकबाईचं नाव घेतलं, का लाजून तरी आनून देईल. तं आखरावरून इस्तो आनते, पन तोंड उघडत नाही. मोठ्या देवीले नारळ बोलली मी. पऱ्हाटी राहो का जावो, म्हनलं, यांची पाठ शाबूत ठेव."

 नत्थुजीचं नाक भरून आलं, पन ते पुसता येईना. (बैल नाक पुसत नाही.) एवढ्या वरसात हे ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. तानुबाई वाकली अन त्याच्या कानाशी म्हनली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

अन आपल्या इकडच्या मानसाची खोड अशी, का कोनी जेवाले बोलावलं तं उत्तर देल्याबिगर राहवत नाही.

"येतो वो," नत्थुजी म्हनला.

तानुबाईनं झूल उचलली.  मंग नत्थुजीले शर्यत आठवली अन तो ताठ बसला, म्हंजे जितकं बसता येते तितकं. तो म्हने, मी खांद्याबद्दल एक शबूद बोललो नाही, येतो म्हनलो. आवतन झालं. जिंकलो.

"जिंकले बाप्पा," तानुबाई म्हनली. तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं, अन लयच हळू इचारलं, "आता तरी सांगा. दुखते का?"

असं तिनं कधीच इचारलं नव्हतं. नत्थुजी पार विरघळून गेला. "दुखते वो," तो म्हनला. "खांदा लय दुखते."

तानुबाईनं मान डोलावली. मंग वाटी उचलून ती पलीकडच्या बाजूले गेली, लाल्याचा खांदा शेकला अन त्याच्या कानाशी म्हनली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अन हात पुसता पुसता नत्थुजीले म्हनली, "लाल्याचं राह्यलं होतं."

पोळ्याच्या दिवशी कोन्या बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. साऱ्या गावातली जनावरं धुऊन, रंगवून, शिंगाइले बेगड लावून उभी होती, अन नदीच्या वाटेनं एकटा नत्थुजी घागर घेऊन येऊन राहिला होता. घागर अर्धी, डोक्यावर नवी चुंबळ. तानुबाईनं रात्रीच करून ठेवली होती. पहिल्या खेपा घरच्या, मंग मानिकबाईच्या रांजनाच्या, कारन चुंबळीचा खरा चोर समजल्यावर मानिकबाईनं इस्तो सुरू केला तो याच बोलीवर. पुंजाराम पारावर बसला होता. त्यानं सारं नीट पाहून घेतलं, सासुरवाडीले न्यासाठी.

"भाऊजी," तो म्हनला, "तुमच्या शिंगाइले बेगड लावाचं राह्यलं वाटते."

सांजेले तोरन सुटलं, बैल घरी आले. तानुबाईनं चांद्या-लाल्याले पुरनाची पोळी चारली, मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. गोठ्यात बैल दोनच होते. मीठ-मिरची तिनं तीनदा ओवाळली.