बाकावरचं प्लास्टिक

सर्जेरावांनी ठरवलं म्हणजे ठरवलं. यंदा लेकीला, श्रेयाला, पियानो वाजवायला खुर्चीवर दोन उशा टाकून बसवायचं नाही! गेल्या वर्षी क्लासच्या कार्यक्रमात ऐन वाजवताना वरची उशी सरकली आणि उशीपाठोपाठ श्रेयाही. त्यानंतर महिनाभर पोरगी पियानोकडं फिरकली नाही. यंदा तिनं कसंबसं नाव दिलं होतं. पुन्हा हसं झालं, तर ती क्लासच सोडणार होती.

तेव्हा कलाकारांचं असतं तसं, उंची कमीजास्त होणारं आणि मजबूत बाक घ्यायचं. मजबुती पाहायला त्यांनी थोरल्या, चांगल्या वजनदार बहिणीला, भामाबाईंना, सोबत नेलं. (कारण अर्थातच सांगितलं नाही.)

"आक्का, बस जरा," दुकानात शिरताच ते म्हणाले.

"उभीच बरी हाय मी."

"बस गं, दमली असशील."

भामाबाई बसल्या. पहिलं बाक कुरकुरलं, दुसरं डुललं. तिसऱ्याच्या दोन्ही बाजूंना गोल मुठी होत्या; फिरवल्या की बैठक वर यायची. सर्जेरावांनी घाम गाळत भामाबाईंसकट ती वर चढवली.

"अरं सर्ज्या, मला कुठं पोचवतो?"

दुकानदार दोन पावलं मागं सरकला. बाक मात्र जागचं हललं नाही.

"हेच द्या!"

"साहब, ये प्लास्टिक निकाल दूँ?" दुकानदारानं बैठकीच्या कव्हराला हात घातला.

"हात नका लावू! नवी चीज हाय." (त्यांच्या घरी सोफ्याचं प्लास्टिक पाच वर्षांत निघालेलं नव्हतं, आणि टीव्हीचा रिमोट पिशवीतच नांदत होता.)

कार्यक्रमाच्या दिवशी सर्जेरावांनी स्वतः उंची लावून दिली. श्रेया बसली. सभागृह शांत. तिनं हळुवार सुरुवात केली आणि डावीकडं झुकली. चर्रर्र! उजवीकडं झुकली. कुईंऽऽ! पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. श्रेयाचे कान लालबुंद झाले. हात थांबले.

आता ही पळणार, असं सर्जेरावांना वाटलं.

श्रेया उठली. पण पळाली नाही. खाली वाकून तिनं प्लास्टिकचं टोक धरलं आणि ओढलं. टर्रर्र!

"अगं ए, डाग पडतील!" सर्जेराव ताडकन उभे राहून ओरडले.

सगळं सभागृह खदखदून हसलं. श्रेयानं वळून पाहिलं. यंदा लोक तिला नाही, पप्पांना हसत होते! तिलाही हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तिची भीती कुठल्या कुठं गेली. मग ती बसली आणि तिनं पहिल्यापासून असं वाजवलं, की टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम संपल्यावर सर्जेराव छाती फुगवून पियानोच्या सुदर्शन सरांपुढं उभे राहिले.

"सर, कसं वाटलं आमचं बाक?"

"एक नंबर!" सर म्हणाले. "पुढच्या वर्षीही नक्की पाठवा. तुम्ही नाही आलात तरी चालेल."