पिवळ्या गाडीची कृती समिती

आमच्या गल्लीतला अरिहंत चौगुले आपली पिवळी स्पोर्ट्स कार विकणार, ही बातमी तालमीच्या कट्ट्यावर आली तेव्हा आम्ही चहा पीत होतो. तो आम्ही तसाच खाली ठेवला. कोल्हापुरात माणूस चहा अर्ध्यावर सोडतो म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. गाडी कागदोपत्री अरिहंतची आहे. शिरोलीच्या कारखान्यात लोखंड वितळवून वितळवून त्यानं ती जमवली आणि बंगळूरहून स्वतः चालवत आणली. आत जागा दोघांचीच. इतकी बुटकी, की तिच्यात चढता येत नाही, उतरावंच लागतं. सुरू झाली की पलीकडच्या घरात गुंडूमामांची कवळी पाण्याच्या वाटीत थरथरते. गुंडूमामा हे येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगतात.

पण गाडी ज्याच्या नावावर तो तिचा मालक, ही समजूत मोठ्या शहरांतली. आमच्याकडे गाडी एकाची आणि नाद सगळ्यांचा. गल्लीतला प्रत्येक नवरदेव त्या गाडीतून वरातीला निघाला आहे. पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्ही ‘पिवळ्या गाडीची गल्ली’ म्हणतो. एवढंच कशाला, बालवाडीसमोर गतिरोधक व्हावा म्हणून गल्लीतल्या बायकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. शेवटी तो झाला आणि पहिल्याच दिवशी गाडीचं पोट त्यावर घासलं. आम्ही रस्ता अडवला. संध्याकाळपर्यंत गतिरोधक गेला. सरकारी खाती हलत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मागणी योग्य लागते.

तर अरिहंतला आम्ही कट्ट्यावर बोलावून घेतलं.

“का इकतोयस?” अमरसिंहांनी विचारलं. अमरसिंह आमच्या तालमीचे अध्यक्ष आणि भावी नगरसेवक. थोरल्या चिरंजीवांच्या बारशाच्या फलकावर ते भावी होते, त्याच चिरंजीवांच्या लग्नाच्या फलकावरही भावीच राहिले. असं सातत्य हल्ली राजकारणात दिसत नाही.

“प्राचीला दिवस गेल्यात,” अरिहंत खाली बघत म्हणाला. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धक्के बसता कामा न्हाईत. आणि उद्या बाळ झाल्यावर ठेवायचं कुठं? मागं सीटच न्हाय.”

“डिकीत?”

“डिकीत एक हेल्मेट बसतंय. ते बी आडवं.”

सर्वांनी अभिनंदन केलं. पेढे आलेच पाहिजेत असं ठरलं. आणि लगेच त्याच बैठकीत ‘सर्वपक्षीय पिवळी गाडी बचाव कृती समिती’ स्थापन झाली. आमच्या गावात कुठल्याही प्रश्नावर सर्वपक्षीय कृती समिती होते. प्रश्न सुटतो का, हा निराळा विषय आहे आणि त्यासाठी निराळी समिती असते. अध्यक्ष अमरसिंह, मार्गदर्शक गुंडूमामा आणि सचिव म्हणून अस्मादिक, म्हणजे ज्ञानू. ऋतुराजला ‘बाधित’ म्हणून घेतलं. त्याचं लग्न जमलं होतं. राधानगरीच्या पाहुण्यांनी फोटोत गाडी बघून होकार दिला होता. आता गाडी गेली तर नुसता ऋतुराज उरतो, आणि नुसत्या ऋतुराजला मुलगी कोण देणार?

त्याच संध्याकाळी अरिहंत माझ्या घरी आला. बराच वेळ चपलेशी चाळा करत बसला.

“ज्ञानूदादा, प्राचीला शब्द दिलाय. मागं फिरता येत न्हाय. तुमी जरा जोरात विरोध करा की.”

“आरं, पण तूच तर इकतोयस.”

“मी इकतोयच. तुमी इकू दिऊ नका.” त्याचे डोळे भरून आले. “कारखान्यात मी मालक, घरात आण्णांचा ल्योक, आता कुणाचा तरी बाप हुईन. त्या गाडीत बसलो की नुसता मी असतोय बघा. तेवढं एकच ठिकाण हाय.”

मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी त्याला शब्द दिला आणि ही गोष्ट गुप्त ठेवली. आज सांगतोय ती फक्त तुम्हाला.

पुढच्याच आठवड्यात सांगलीहून गिऱ्हाईक आलं. समितीनं हिंसेचा मार्ग कटाक्षानं टाळला. आम्ही पाहुणचाराचा स्वीकारला.

“पावणं, लांबनं आलायसा, आधी मिसळ खावा,” अमरसिंह म्हणाले. पाहुण्यांनी खाल्ली. मग गुंडूमामा त्यांना म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला घेऊन गेले आणि पेला रिकामा झाला की भरत राहिले. अरिहंतचं घर जैनांचं, त्यामुळं दुपारचं मटण समितीनं स्वतःच्या जबाबदारीवर तालमीत घातलं. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, पुन्हा पांढरा. पाहुणे नको म्हणाले की ऋतुराज म्हणे, “म्हंजे आवडलं न्हाय व्हय?” आणि वाटी भरे. सांगलीचा माणूस भिडस्त. चार वाजता त्यांना सन्मानानं गाडीपाशी नेण्यात आलं.

पाहुणे वाकले. अर्ध्यावर थांबले. पुन्हा वाकून बघितलं. मग एक पाय आत घालून प्रयत्न केला, तेव्हा दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं.

“गाडी झकास हाय,” ते घाम पुसत म्हणाले, “पण मला बसताच येईना हो!”

“तेच म्हणतोय आमी,” अमरसिंह कळवळून म्हणाले. “आमच्या गावच्या मापाची हाय ती.”

त्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकांची अशीच सरबराई झाली. आम्ही कुणालाही उपाशी पाठवलं नाही. गाडी मात्र जागेवर राहिली.

मग एके दिवशी खुद्द प्राची तालमीत आली. सातवा महिना, एक हात कमरेवर. तालमीत बाईमाणसानं यायची पद्धत नाही, पण आम्ही पुरोगामी असल्यानं तिला उंबऱ्याबाहेर खुर्ची दिली.

“ज्ञानूदादा, एक विचारू? तुमची सून बाळंत होऊन घरी आली, ती कशातनं आणली?”

“मोठ्या गाडीतनं,” मी म्हणालो. “मागच्या सीटवर, उशी लावून. बाळंतिणीला जपावं लागतं की.”

“मग?”

“पण ती आमची सून होती.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. युक्तिवाद बिनतोड होता. मग तिनं अरिहंतकडे बघितलं. तो कोपऱ्यात उभा होता.

“तू सांग. गाडी विकायचीय का न्हाय?”

“विकायचीय गं,” अरिहंत म्हणाला. “पण समाजाच्या पुढं जाता येतंय व्हय?”

समितीनं टाळ्या वाजवल्या. तरीही एका मातेची तक्रार दुर्लक्षून चालणार नाही, असं मत पडल्यानं तांत्रिक उपसमिती नेमली. मागं सीट नाही, ही अडचण. मग सीट करू! उद्यमनगरात काय होत नाही? तिथले कारागीर इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुसरं इंजिन करतात. आम्ही गाडीच्या टपावर लोखंडी पाळणा बसवून घेतला. त्याला स्प्रिंगा लावल्या, वर छत्री लावली, रंग पिवळाच दिला. चाचणीसाठी बाळाच्या वजनाची गुळाची ढेप दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवली आणि रंकाळ्याला एक फेरी मारली. परत आलो तेव्हा ढेपेचा चुरा झाला होता. पाळण्याला साधा ओरखडा नव्हता. अहवालात मी लिहिलं, ‘चाचणी यशस्वी. पाळणा भक्कम.’

अहवाल घेऊन आम्ही चौगुल्यांच्या घरी गेलो. अरिहंतचे वडील कल्लाप्पाआण्णा पेपर वाचत होते, त्यांनी तो आणखी वर धरला. आई राजमतीआक्कांनी चुरा झालेला गूळ हातात घेतला.

“ह्यो माझा नातू?” आक्का म्हणाल्या.

“प्रायोगिक, आक्का.”

“चालते व्हा!”

वडीलधाऱ्यांचा तो आशीर्वाद मानून आम्ही निघालो. जिन्यात प्राचीचा आवाज ऐकू आला. ती ओरडत नव्हती. ती अरिहंतला म्हणत होती, “मला गाडीचा राग न्हाय रे. लग्नाआधी पन्हाळ्याला त्याच गाडीतनं गेलो होतो आपण, मला बी ती आवडती. पण बाळ घरी येईल तेव्हा त्याला आपल्यात जागा पायजे. एवढं एकच मागते.” अरिहंत काय म्हणाला ते कळलं नाही.

ऋतुराजची वरात अतिशय देखणी झाली. राधानगरीचे पाहुणे तृप्त झाले. आणि नेमक्या त्याच वेळी इकडे प्राचीला कळा सुरू झाल्या. गाडी वरातीत होती. अरिहंत गाडीत होता. त्याचा फोन सारखा वाजत होता म्हणतात, पण डॉल्बीपुढं फोनचं काय चालतं? गल्लीच्या तोंडाशी धोंडुबाई रिक्षा लावतात. त्यांनीच प्राचीला आणि आक्कांना दवाखान्यात नेलं. खड्डे चुकवत नेलं, असं आक्का पुढं कितीतरी दिवस सांगत होत्या. समितीला त्यात टोमणा वाटला.

मुलगी झाली. समितीनं स्त्री जन्माचं स्वागत करण्याचा ठराव एकमतानं मंजूर केला. बाळाला दवाखान्यातून घरापर्यंत पिवळ्या गाडीतून मिरवत आणायचं ठरलं. चौकात भला मोठा फलक लागला, ‘लक्ष्मीचे आगमन’. त्यावर सर्व पदाधिकाऱ्यांचे फोटो होते. बाळाचा फोटो वेळेत मिळाला नाही, म्हणून त्या जागी गाडीचा छापला.

ठरल्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या दारात हजर. झेंडूनं मढवलेली गाडी, फेटे, हलगी, डॉल्बी. प्राची बाळाला छातीशी धरून बाहेर आली. आक्का ओवाळायची तयारी करायला आधीच घरी गेल्या होत्या. धोंडुबाई रिक्षा घेऊन कडेला उभ्या होत्या.

“या वैनी, बसा,” अमरसिंहांनी गाडीचं दार उघडलं. “बाळाला वर पाळण्यात दिलं तर फोटू ब्येस येईल.”

प्राचीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती अरिहंतला म्हणाली, “उतर. आपण तिघं रिक्षानं जाऊ.”

अरिहंतचा हात स्टेअरिंगवर होता. त्यानं गर्दीकडे बघितलं, फलकाकडे बघितलं. बाळाकडे बघून तो हसलाही. बापाचं काळीज आहे, माया असतेच.

“आजच्या दिवस, प्राची. एवढी माणसं जमल्यात गं.”

तिनं बाळाचं दुपटं नीट केलं. रिक्षात जाऊन बसली. समितीनं ही मूक संमती धरली आणि नारळ फोडला.

मिरवणूक अशी झाली की पेठेनं वर्षभर बोलावं. पुढं हलगी, मग गाडी, मग नाचणारी पोरं. फक्त मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी स्वतः मागं जाऊन बोललो.

“ओ मावशी, दिसत न्हाय व्हय? पुढं बाळाची मिरवणूक चाललीया!”

“व्हय की,” धोंडुबाई म्हणाल्या. “बाळ माझ्याकडंच हाय. रडून रडून निळं पडाय लागलंय. वाट द्या.”

वाट देणं शक्य नव्हतं, पोरं रंगात आली होती. तसं मी त्यांना नम्रपणे सांगितलं. प्राची आतून म्हणाली, “धोंडुमावशी, वळवा. कळंब्याला चला, माझ्या माहेरी.” रिक्षा वळली आणि मिरवणुकीतला अडथळा दूर झाला.

गल्लीत दारात राजमतीआक्का भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. गाडी थांबली, अरिहंत उतरला. त्यानं मागं बघितलं, बराच वेळ बघत राहिला.

“बाळ कुठाय?” आक्कांनी विचारलं.

अमरसिंह समंजस माणूस. म्हणाले, “आक्का, मुहूर्त टळतोय. तवर गाडीवरनं उतरून टाका.”

आक्का आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

गाडी वाचली. समितीचा हा ऐतिहासिक विजय आहे. अरिहंत रोज संध्याकाळी तिच्यातूनच कळंब्याला जातो. आवाजानं बाळ दचकतं, म्हणून गाडी लांब कोपऱ्यावर लावतो आणि चालत सासरी जातो. प्राची त्याला चहा देते, बाळ मांडीवर देते आणि रोज एकच विचारते, गाडी कधी विकायची. समिती परवानगी देत नाही, असं तो रोज सांगतो. मग चालत परत येतो आणि गाडीत बसून राहतो. हल्ली बराच वेळ ती सुरूच करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! जरा दमानं घ्या. त्या मिरवणुकीचं रील तुमच्याही फोनवर आलं होतं. त्यात मागं रिक्षा वळताना स्वच्छ दिसते. आत बसलेली बाई दिसते, तिच्या छातीशी दुपटं दिसतं, बाळाचं उघडं तोंडसुद्धा दिसतं. तुम्ही ते दोनदा बघितलंत आणि खाली लिहिलंत, ‘गाडी एक नंबर, भावा.’