कोर्बिनियानची लाल गाडी आणि भुशाचा ढीग

ऑक्टोबर संपेपर्यंत गावातल्या सगळ्या गाड्यांना बर्फात न घसरणारे हिवाळी टायर चढले होते. राहिली होती एकच, कोर्बिनियानची लाल स्पोर्ट्स कार.

"त्या बारक्या हिवाळी चाकांवर बघवत नाही ती," तो म्हणायचा. "राणीला गमबूट घातल्यासारखं दिसतं. लग्न होऊ दे, मग बदलतो."

लग्न फ्रांझीचं, त्याच्या एकुलत्या एका लेकीचं. तेही नोव्हेंबर सरता सरता, कारण नाताळाआधीचे उपासाचे आठवडे लागले की पाद्रीबुवा लग्नाला उभे राहत नसत. तुला लाल गाडीतून चर्चला नेईन, असा शब्द कोर्बिनियाननं ती लहान असतानाच दिला होता. बायको रोस्विता महिनाभर टायरवरून कानीकपाळी ओरडत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र ती दुपारभर कुठेतरी गेली आणि आली ती एकदम गप्प. बायको गप्प झाली म्हणजे आपण जिंकलो, असं मानणाऱ्या नवऱ्यांपैकी कोर्बिनियान होता.

सकाळी कडाक्याची थंडी, पण लख्ख ऊन आणि रस्ता कोरडा ठणठणीत.

"दाखव, कुठंय बर्फ?"

"नाहीये," रोस्विता म्हणाली. "मी पुढे होते. फ्रांझी, बाबाला गाडी पळवू देऊ नकोस."

फ्रांझीनं आईचा शब्द पाळला. "बाबा, हळू. माझी डोक्यावरची जाळी उडतेय."

"अगं, काचा बंद आहेत."

"तरी उडतेय."

लाकूड कापायच्या गिरणीपाशी, ओढ्याच्या वरच्या अंगाला, रस्ता वळतो. तिथे देवदारांच्या सावलीत मार्चपर्यंत ऊन म्हणून पोचत नाही, आणि रस्त्यावर दव गोठून बसतं. कोर्बिनियाननं स्टिअरिंग फिरवलं. चाकं वळली, गाडी वळली नाही. जुलैत रस्त्याला जळूसारखं चिकटणारं उन्हाळी रबर थंडीनं लाकडासारखं कडक झालं होतं. त्यानं ब्रेक दाबला. गाडी तशीच, काहीही घाई न करता, सरळ गेली आणि पुढच्या काचेपर्यंत भुशाच्या ढिगात शिरली.

"पोचलो का आपण?" फ्रांझीनं विचारलं.

"लागलं का गं कुठे?" त्यानं तिच्याकडे वळून विचारलं.

"नाही रे बाबा. पण तिकडे वाट बघत असतील."

"देवा, उपकार तुझे," तो म्हणाला, आणि मग ढीग कुणाचा ते त्याच्या ध्यानात आलं. गिरणीवाल्या वेंडेलिननं एकदा या गाडीला किंचाळणारं डुक्कर म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

वेंडेलिन ट्रॅक्टर घेऊनच आला. "आलास? मला वाटलं, आणखी उशीर करशील."

त्यानं गाडी ओढून काढली. एक ओरखडा नाही. मग त्यानं शेडमधून एकामागून एक चार चाकं घरंगळत आणली. कोर्बिनियान बघतच राहिला. ती त्याचीच हिवाळी चाकं होती.

"ही इथे कशी?"

"काल रोस्विता ठेवून गेली. म्हणाली, घसरला तर तुझ्याच वळणावर घसरेल."

"आणि नसतो घसरलो तर?"

"तर मी चाकं घेऊन जेवायला येणार होतो. मला आमंत्रण आहे, म्हटलं."

दोघांनी मिळून चाकं बदलली. नट नवरीनं ओंजळीत धरले, पांढरे हातमोजे काळे झाले तरी.

"वेंडेलिन, तुझे उपकार कसे फेडू रे," कोर्बिनियान म्हणाला.

"रविवारी पहाटे ते इंजिन गुरगुरवू नकोस, एवढं केलंस तरी पुष्कळ झालं."

बारक्या चाकांवर गाडी जरा मऊ, सपाता घातल्यासारखी चालत होती. पण सांगितलं तिथे वळत होती, आणि कोर्बिनियानला ती आज आधीपेक्षा देखणी वाटली.

चर्चची घंटा अजून वाजत होती. लेकीला नवऱ्यामुलापाशी सोडून तो रोस्विताशेजारी येऊन बसला आणि त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"चाकं ठेवलीस, फार बरं केलंस गं," तो कुजबुजला. "पण खरं नशीब म्हणजे तो ढीग. तो नेमका तिथे नसता तर आम्ही खालच्या ओढ्यात असतो."

रोस्वितानं त्याच्या मिशीतला भुसा टिपला.

"नशीब कसलं. ढीग शेडच्या मागे असतो. काल दुपारभर मी आणि वेंडेलिननं फावड्यानं तो तिथे आणून टाकला."

आभाराची प्रार्थना सुरू झाली तेव्हा सगळ्यांच्या वर कोर्बिनियानचा आवाज होता. लेकीच्या लग्नानं बाप भारावलाय, असं पाद्रीबुवांना वाटलं.